खवल्यांची राणी आणि उपायांचा नजराणा

एका राज्यात, कुठल्या ते विचारू नका आणि मध्ये बोलू तर मुळीच नका, एक फार वैतागवाणी रीत होती. कोणी आजारी पडलं की त्याला भेटायला रिकाम्या हाताने जायचं नाही. फळं नेलेली चालत नसत, फुलं नेली तर लोक हसत. न्यायचा तो उपाय. भेटायला आलेला पाटावर बसे, पाणी पिई, सुस्कारा टाके आणि उपाय सांगे. मग आजाऱ्याने हात जोडून म्हणायचं, "आपला उपाय शिरोधार्य." आणि तो करायचा. करायचाच! कडू असो, तिखट असो, उकळता असो.

नाही केला तर? राजवाड्याच्या महाद्वारावर एक पाषाणाचा सिंह बसलेला होता. राजाच्या पणजोबांच्या काळी कर्कटक नावाच्या मायाव्याने तो तिथे बसवला होता आणि त्याच्या चौथऱ्यावर शाप कोरला होता: जो आजारी आणलेला उपाय नाकारील, त्याच्याकडे हा सिंह उठून येईल. येऊन काय करील, ते कोरलेलं नव्हतं. पण सिंह उठून येतो तो काही ख्यालीखुशाली विचारायला येत नाही, एवढं लोकांना कळत होतं. म्हणून त्या राज्यात कोणी कधी 'नको' म्हटलं नव्हतं.

त्या राज्याचा राजा पद्मकेतू. सज्जन माणूस. पण इतका सज्जन, की समोर जो शेवटचं बोलेल त्याचंच त्याला पटायचं. त्याची राणी मंदारवती. ती लग्न होऊन आली तेव्हा तिच्या कोपरावर एवढासा चट्टा होता, टिकलीएवढा. कोणी लक्षही दिलं नाही. पण युवराज मणिध्वजाचा जन्म झाला आणि चट्ट्यांनी जो जोर धरला, काय सांगू! कोपर, गुडघे, पाठ, केसांखालची कातडी, सगळीकडे लाल लाल चट्टे आणि त्यांच्यावर रुपेरी खवले. अंथरूण झटकलं की खाली खवल्यांचा सडा पडे. त्या राज्यात या विकाराला 'रुपेरी' म्हणत. तुमच्याकडचे वैद्य सोरायसिस म्हणतात. नाव काही का असेना, खाज तीच.

झालं! राज्यातल्या समस्त जनतेला काम मिळालं. सेनापती म्हणाला, विटकरीने घासा. शिरोधार्य. प्रधानाची बायको म्हणाली, लिंबू चोळा. शिरोधार्य. भाटाने राणीला तापलेल्या वाळूत बसवलं. कोठारावरचा कारकून म्हणाला, आंबट सोडा. त्याचा मेहुणा म्हणाला, आंबटच खा. दोघांचंही शिरोधार्य! सकाळी एकाचं, संध्याकाळी दुसऱ्याचं. राजगुरूंनी मागच्या जन्मीचं पाप शोधून काढलं. एक बाई तर स्वयंपाकिणीला भेटायला आली होती. वाटेत राणी दिसली म्हणून जाता जाता कडुनिंबाचा काढा सांगून गेली.

आणि जिथे जिथे घासलं, जिथे जिथे भाजलं, तिथे तिथे नवा चट्टा उठला. जिथे पूर्वी नव्हता तिथेही उठला. लोक म्हणाले, "बघा, बघा, रोग बाहेर पडतोय!" डोंबल बाहेर पडतोय!

आता राजाची आत्या. अंबिकादेवी तिचं नाव, पण सगळे आत्यासाहेब म्हणत. ती बाई वाईट नव्हती. वाईट असती तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. एके दिवशी तीही आली, पाटावर बसली, पाणी प्याली आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "सूनबाई, हे लागेल गं बाळाला. तुझं अंग निर्मळ होईपर्यंत त्याला हात लावू नकोस. हाच माझा उपाय."

राणीच्या मांडीवर बाळ होतं. ते तिच्या बांगडीशी खेळत होतं. राणीने बाळाकडे पाहिलं, खिडकीतून महाद्वारावरच्या सिंहाकडे पाहिलं, बांगडीवरून बाळाची बोटं सोडवली आणि ती म्हणाली, "शिरोधार्य." आत्यासाहेबांनी बाळ उचललं आणि आपल्या महालात नेलं.

इथे त्या राज्यातली आणखी एक रीत सांगितली पाहिजे. त्या लोकांना रीतींची भारी हौस. बाळाला पहिला दात दिसला की त्याचं उष्टावण करायचं, आणि ज्या बाईच्या मांडीवर बसून बाळ पहिला घास खाईल, तीच त्याची आई. जन्म कोणी दिला हे कोणी विचारत नसे. त्या घासापासून पुढे बाळाने तिलाच आई म्हणायचं, जन्मभर. म्हणजे दात यायच्या आत राणीचं अंग निर्मळ झालं नाही, तर मणिध्वजाची आई आत्यासाहेब होणार, आणि मंदारवती नुसती राणी उरणार.

राणी राजाकडे गेली आणि म्हणाली, "महाराज, मला कर्कटकाकडे जाऊ द्यावं."

राजा म्हणाला, "जावं."

आत्यासाहेब म्हणाल्या, "अशा अंगाने? मुळीच नको."

राजा म्हणाला, "हो, तेही खरंच."

राणी थांबली. आत्यासाहेब पूजेला निघून गेल्यावर ती पुन्हा आत आली आणि म्हणाली, "महाराज, मी निघते." शेवटचं तीच बोलली आणि राजाचं मत पुन्हा बदलायच्या आत शहराबाहेर पडली.

तीन डोंगर ओलांडून ती कर्कटकाच्या गुहेपाशी पोचली. पणजोबांच्या काळचा तो म्हातारा मायावी अजून होता आणि दारातच गुडघा चोळत बसला होता. तिला पाहून तो खेकसला, "गुडघ्यासाठी काही सांगायला आली असशील तर चालती हो!"

राणी म्हणाली, "मी सांगायला नाही, मागायला आले आहे."

"मग बस," तो म्हणाला. "बऱ्याच काळानंतर कोणीतरी शहाणं आलं."

"हा विकार माझ्या अंगात तू घातलास?"

"मी? मला दुसरी कामं नाहीत? तो तुझ्या रक्तातला आहे. माहेरच्या कोणाला तरी असणार बघ."

राणीला तिची मावशी आठवली. ती भर उन्हाळ्यातही मनगटापर्यंत बाह्यांची चोळी घालायची आणि कोणाच्या लग्नाला जायची नाही. राणीने नकळत आपल्या बाह्या खाली ओढल्या. मग म्हणाली, "माझ्या बाळाला दात येईल. त्याआधी माझं अंग निर्मळ करून दे."

कर्कटक म्हणाला, "तीन गोष्टी आण. पहिली, अशा नागिणीची कात, जिने एकदाच कात टाकली आणि पुन्हा कधी टाकली नाही. दुसरी, अशा पक्षिणीचं पीस, जिने पिसं झडली म्हणून आपल्या पिल्लांना दूर केलं. तिसरी, असा माणूस, ज्याला तुझ्या स्पर्शाने हा विकार जडला. तिन्ही आणलीस तर तुझं अंग कमळाच्या पाकळीसारखं करून देतो."

सरळ सांगायला काय झालं होतं, असं तुमच्या मनात येईल. पण मायावी लोक सरळ सांगत नाहीत. आणि सरळ सांगितलेलं ऐकतं कोण?

राणी निघाली ती सोनकड्याच्या बिळाशी गेली. तिथे एक वृद्ध नागीण धन राखत होती. राणीने विचारलं, "नागमाते, एकदाच कात टाकून सुटका झाली, अशी कोणी नागीण तुला ठाऊक आहे?"

"एकदाच?" नागीण म्हणाली. "अगं, मी वर्षातून किती वेळा टाकते! नवी येते, जुनी होते, सुटते, परत नवी येते. मला कोणी विचारायला येत नाही, की बाई, तू यातून कायमची कधी मोकळी होणार."

राणीचा चेहरा पडला. इतक्यात नागिणीच्या वेटोळ्यामागे तिला एक सोन्याची कुपी दिसली. "त्यात काय आहे?"

"ते शापित धन आहे. सोनलेप. लावलास की अंग लखलखेल. पण थोडे दिवस. मग जे परत येईल ते दुपटीने येईल. ज्यांनी ज्यांनी नेलं, त्यांनी रडत परत आणून ठेवलं. तुला हवं तर ने. मी कोणाला अडवत नाही, मला तेवढंच काम नाही."

'दुपटीने' हा शब्द राणीने ऐकला. पण 'लखलखेल' हा शब्द आधी ऐकला होता. तिने कुपी उचलली.

तिने लेप लावला आणि एका रात्रीत खवले गळाले, चट्टे विरले, अंग सोन्यासारखं झालं. कर्कटक, पक्षीण, पीस, सगळं विसरून ती घरी धावत सुटली. नगरात साखर वाटली. आत्यासाहेबांनी तिचे हात उलटेपालटे करून पाहिले, कोपर पाहिले, मानेवरचे केस बाजूला करून पाहिलं, आणि बाळ तिच्या मांडीवर दिलं. बाळ जड झालं होतं. त्याच्या टाळूला दुधाचा वास येत होता. राणीने त्याला इतकं घट्ट धरलं की ते कुरकुरलं. रोज सकाळी ती त्याच्या हिरडीवरून बोट फिरवून दात आला का बघायची आणि म्हणायची, "ये रे बाबा लवकर, ये."

दात आला नाही. कुपी संपली. आणि एके सकाळी राणी जागी झाली ती अंगाची आग होऊनच. मानेपासून पावलांपर्यंत लालबुंद, वर खवल्यांचे थर, थंडी वाजून आली, हात कापू लागले. बाळ कुशीत होतं. आत्यासाहेबांनी येऊन त्याला उचललं. बाळ रडलं. मग त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून ते शांत झालं. त्याचं ते शांत होणं राणीला त्याच्या रडण्याहून जास्त लागलं.

आणि लोक? "मी सांगितलंच होतं!" असं जो तो म्हणू लागला. कोणीही काहीही सांगितलं नव्हतं! त्या दिवशी इतके उपाय आले की पाट कमी पडले.

राणी पुन्हा बाहेर पडली. आधी तिने रिकामी कुपी नागिणीला परत नेऊन दिली. नागीण काही बोलली नाही. सापांचं हे एक बरं असतं. मग ती रानात शिरली. रोज सकाळी तिची बोटं आखडलेली असत, उघडता उघडत नसत. चालताना टाचा दुखत. एका जुन्या बेहड्याखाली ती टेकली तर वरून आवाज आला, "अंजीर आणलंस का?"

खोडात एक ढोली होती. तिचं तोंड चिखलाने लिंपून बंद केलेलं, मध्ये फक्त चोच जाईल एवढी फट. आत धनेशाची मादी बसली होती.

राणी म्हणाली, "मी माणूस आहे. तुला आत कोणी कोंडलं?"

"कोंडलं कसलं? मीच लिंपून घेतलं. अंडी घालायला बसले की माझी पिसं झडतात. उडता येत नाही. पिल्लं मोठी होईपर्यंत नवी येतात. तोवर नवरा खायला आणतो. आज उशीर करतोय मेला."

राणी फटीजवळ सरकली. "पिसं झडली म्हणून पिल्लांना दूर ठेवतेस का?"

"दूर?" धनेशी म्हणाली. "या ढोलीत दूर म्हणजे नेमकं कुठे?"

"पण पिसं नसताना..."

"पंख आहेत ना. पिल्लाला ऊब लागते, बाई. पिसं किती उरलीत ते त्याला मोजता येत नाही."

"अशी एखादी पक्षीण तरी तुला ठाऊक असेल, जिने पिल्लं दूर केली?"

"नाही बाई. कावळ्याला विचारून बघ. पण तो चार गोष्टी जास्तीच्या सांगेल."

एवढ्यात नर धनेश आला. त्याने फटीतून एक एक अंजीर आत दिलं आणि एक राणीच्या पुढ्यात टाकलं. राणी झाडाखाली बसून रडली. मनसोक्त रडली. दोघांपैकी कोणीही तिला उपाय सांगितला नाही. बऱ्याच दिवसांत तिला असं निवांत रडता आलं नव्हतं.

आता तिसरी गोष्ट. ती तर राज्यातच शोधायची होती. राणी नगरात परतली आणि तिने दवंडी पिटवली: ज्याला राणीच्या स्पर्शाने रुपेरी जडली असेल, त्याने पुढे यावं, त्याला गाव इनाम मिळेल.

गाव म्हटल्यावर काय! महाद्वारापासून वेशीपर्यंत रांग लागली. एकाला डास चावले होते. एक पैलवान नायटा घेऊन आला होता. तो त्याला राणी या राज्यात यायच्या आधीपासून होता, हे त्याच्या बायकोनेच रांगेत उभ्या उभ्या सांगून टाकलं. एकाने चुन्याने खवले काढले होते. पाण्याचा तांब्या ओतला तर खाली अंग लख्ख! आणि वर तोच विचारतो, "अर्धं गाव तरी मिळेल का?"

रांग संपली. राणीने आपल्या दासीला, सगुणाला, पुढे बोलावलं. सगुणा लग्नापासून रोज तिच्या अंगाला तेल लावत आली होती. "सगुणे, हात दाखव."

सगुणाने दोन्ही हात पुढे केले. हातांवर घट्टे होते. चट्टा एकही नव्हता.

राणी राजाकडे वळली. "महाराज, आपण इतकी वर्षं माझ्या शेजारी निजलात. आपल्याला?"

राजाने आत्यासाहेबांकडे पाहिलं, प्रधानाकडे पाहिलं. मग आयुष्यात पहिल्यांदाच, कोणी काही बोलायच्या आत, त्याने उत्तर दिलं. "मला काही झालेलं नाही."

"आत्यासाहेब, आणि बाळाला? ते इतके दिवस माझ्या कुशीत होतं."

आत्यासाहेबांचा चेहरा गोरामोरा झाला. "नाही झालं अजून. पण सूनबाई, उपाय तो उपाय. तू शिरोधार्य म्हटलं आहेस." आणि सगळ्यांच्या नजरा आपसूक पाषाणाच्या सिंहाकडे गेल्या. सिंहाला राणीही भीत होती.

ती तशीच कर्कटकाकडे गेली. "तिन्ही मिळाली नाहीत."

"मिळणार नव्हतीच," तो म्हणाला.

तेव्हा मात्र राणीचा संयम सुटला. तिने त्याची पाण्याची घागर उचलली आणि दगडावर आपटली. "मग मला रानोमाळ का हिंडवलंस? तिकडे माझ्या बाळाच्या हिरडीत दात शिवशिवतोय! माझी बोटं वळत नाहीत, माझी पाठ जळते, राज्यातलं चिटपाखरूसुद्धा मला उपाय सांगतं, आणि तू कोडी घालतोस? थेरड्या!"

कर्कटकाने घागरीच्या खापऱ्यांकडे पाहिलं. तो रागावला नाही. "पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर हात जोडून शिरोधार्य म्हणाली असतीस, आणि पुढच्या दारात जाऊन दुसरा उपाय विचारला असतास. आता ऐकशील. नागीण पुन्हा पुन्हा कात टाकते. पक्षीण पिल्लांना दूर करत नाही. आणि तुझा विकार कोणाला लागत नाही. हे तू स्वतः पाहून आलीस, मी सांगितलेलं नाही."

"म्हणजे माझं अंग निर्मळ होणार नाही?"

"होईल कधी कधी. इतकं होईल की तू विसरशील. मग थंडी पडली, घसा धरला, मनाला घोर लागला की पुन्हा डोकं वर काढील. तेव्हा आपलं काही चुकलं असं समजू नकोस. घासणं बंद. आंघोळ झाली की ओलसर अंगालाच तेल, रोज, बरं वाटत असलं तरी. कोवळं ऊन घे, पण भाजून घ्यायचं नाही. एक वैद्य धर. एकच! त्याच्यापासून काही लपवू नकोस, आणि तो देईल ते औषध मापाने घे. मनाने वाढवायचं नाही, मनाने सोडायचं नाही. सकाळी बोटं आखडतात तेही त्याला सांग. ते निराळं दुखणं नव्हे, याचंच भावंड आहे."

"एवढंच?"

"एवढंच. रोज."

"रोज म्हणजे किती दिवस?"

"नागीण किती वेळा कात टाकते, ते ऐकून आलीस ना?" कर्कटक म्हणाला. राणीने मान खाली घातली.

मग तिने विचारलं, "आणि तो सिंह?"

"तो मात्र माझा," म्हातारा ओशाळून म्हणाला. "राजाचे पणजोबा अंथरुणाला खिळले होते आणि कोणी तिकडे फिरकेना. मी म्हटलं, लोकांना जायला काहीतरी निमित्त द्यावं. एखादा उपाय घेऊन जा, म्हटलं. आजाऱ्याने आल्या माणसाला हाकलून देऊ नये म्हणून सिंह बसवला. हे असं माजेल, मला काय माहीत! माझा स्वतःचा गुडघा त्यातून सुटला नाही. हा शाप मोडतो तो आजाऱ्याच्याच तोंडच्या 'नको'ने. दुसऱ्या कशाने नाही."

"आणि सिंह उठून आला तर काय करतो?"

कर्कटकाने डोकं खाजवलं. "खरं सांगू? आता आठवत नाही."

इतक्यात फडफड करत नर धनेश गुहेच्या दारात उतरला. "राणी, मी राजवाड्यावरून आलो. युवराजाला दात दिसला. उष्टावण मांडलं आहे."

राणी उठली. धनेशाने तिला पाठीवर घेतलं आणि तो उडाला. एवढासा पक्षी एवढ्या बाईला कसा नेतो, असं विचारणारे लोक मला आवडत नाहीत. नेलं त्याने.

राजवाड्याच्या चौकात रांगोळी काढली होती, समया लावल्या होत्या, चांदीच्या वाटीत खीर होती. आत्यासाहेब पाटावर बसल्या होत्या आणि त्यांच्या मांडीवर जरीचं अंगडं घातलेला मणिध्वज होता. राणी आली. तिच्या चोळीच्या बाह्या कोपराच्या वर होत्या आणि खवले भर दिवसाच्या उजेडात सगळ्यांना दिसत होते. तिला पाहताच चौकभर कुजबुज सुटली. सेनापती अर्धवट उठून म्हणालाच, "राणीसरकार, या खेपेला विटकरीऐवजी..."

आत्यासाहेब म्हणाल्या, "सूनबाई, लांब उभी राहा. शब्द दिला आहेस."

राणी पाटासमोर आली. ती म्हणाली, "नको."

"काय म्हणालीस?"

"नको, आत्यासाहेब. आपण मायेने सांगितलंत, मला ठाऊक आहे. पण आपला उपाय मला नको. सेनापती, तुमचाही नको. कोणाचाच नको!"

महाद्वारावर दगडावर दगड घासल्यासारखा आवाज झाला. सिंह चौथऱ्यावरून उतरला. लोक खांबांवर चढले, कोठारात शिरले. कारकून आणि मेहुणा एकमेकांच्या मागे लपू लागले. राजा पद्मकेतू उठला. तो चालत आला आणि राणीच्या शेजारी उभा राहिला. सिंह चौक ओलांडून राणीपर्यंत आला. त्याने तिचं कोपर हुंगलं. मग त्याने जबडा उघडला.

आणि जांभई दिली. जांभईबरोबर धूळ उडाली.

"किती वर्षं झाली," सिंह म्हणाला. "कोणी 'नको' म्हणेना आणि मला उठता येईना. पाय पार आखडले."

खांबावरून सेनापती म्हणाला, "पायांना एरंडेल..."

सिंहाने नुसती मान वळवली. सेनापती खांबावर आणखी वर चढला. सिंह लंगडत लंगडत वेशीबाहेर गेला, तो पुन्हा कोणाला दिसला नाही. चौथऱ्यावर कोरलेली अक्षरं खपल्यांसारखी गळून पडली.

आत्यासाहेबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "मला खरंच वाटलं होतं गं, बाळाला लागेल म्हणून."

"म्हणून तर इतके दिवस ऐकलं," राणी म्हणाली आणि तिने हात पुढे केले. आत्यासाहेबांनी पाट सोडला. राणी त्यावर बसली आणि बाळ तिच्या मांडीवर आलं.

बाळाने तिच्याकडे पाहिलं. ओळखलं नाही. त्याचा ओठ बाहेर आला, ते आत्यासाहेबांकडे वळलं आणि त्याने दोन्ही हात त्यांच्याकडे पसरले. चौकात कोणी हललं नाही. राणीने त्याला ओढून धरलं नाही. ती तशीच बसून राहिली, आणि तिचा जीव नुसता टांगणीला लागला.

मग बाळाला तिच्या कोपरावर काहीतरी चमकताना दिसलं. त्याने हात खाली घेतले. वाकून, दोन बोटांच्या चिमटीत, मोठ्या कष्टाने एक रुपेरी खवला उपटला. उजेडात धरून पाहिला. आणि तो एक दात दाखवून ते असं खुदकन हसलं, की हसता हसता खवला थेट तोंडाकडे निघाला.

"अरे, अरे, ते नाही रे राजा!" राणीने त्याच्या मुठीतून खवला काढून घेतला आणि त्या उघड्या तोंडात खिरीचं बोट घातलं. बाळाने ते चोखलं. आणखी मागितलं.

पुढे काय व्हायचं? राणीला रुपेरी राहिली. उन्हाळ्यात मावळे, थंडीत उठे. तिने एक वैद्य धरला, आणि फार वैताग आला की एक घागर फोडी. माहेराहून मावशीला बोलावून घेतलं आणि तिला आखूड बाह्यांच्या चोळ्या शिवल्या. राज्यात नवी रीत पडली: आजाऱ्याला भेटायला जायचं, "कसं आहे?" विचारायचं आणि उत्तर संपेपर्यंत गप्प बसायचं. लोकांना ते विटकरीने घासून घेण्यापेक्षा कठीण गेलं. आत्यासाहेब रोज सकाळी स्वतः तेल कोमट करून आणत आणि म्हणत, "मी म्हणते, चिमूटभर हळद..." मग राणी म्हणे, "आत्यासाहेब!" आणि त्या म्हणत, "बरं बाई, बरं." आणि मणिध्वज मोठा झाला तरी झोप आली की आईचं ते खरखरीत कोपर धरूनच झोपायचा. दुसरं कोणाचं कोपर त्याला चालत नसे.

ही कहाणी माझ्या तोंडून निघाली, तुमच्या कानी लागली, सुखरूप घरी न्या. आणि उठताना माझ्या कोपराकडे बघून कोणी तोंड उघडू नका. मी तेल लावलेलं आहे.